दाजींचं ऑपरेशन

मार्च महिन्यातल्या एका दुपारी दाजी माझ्या दुकानात आले. खिशातून घडी घातलेला एक कागद काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "पावणं, ह्याच्या तीन झेरॉक्स काढा. आन काढायच्या आदी जरा वाचून सांगा."

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. गाव शिनोली. माझं दुकान घोडेगावात, तहसील कचेरीपासून चार पावलांवर. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज अशी कामं असतात, आणि कुणाला इंग्रजी कागद कळला नाही तर तो वाचून सांगणंही त्यातच येतं. दाजी आठवड्यातून एकदा तरी या रस्त्याने जात, पण दुकानात शिरत नसत. बाहेर पिकअप उभी करून तिथूनच हाक मारत, चहा घेत आणि जात. बसलेला माणूस त्यांना आवडत नसे. डिंभ्याच्या कालव्याखाली त्यांची शेती, उन्हाळ्यात टोमॅटो, नंतर कांदा. टोमॅटोचे भरलेले क्रेट ते एकावर एक असे दोन उचलून पिकअपमध्ये चढवायचे, आणि तेही बोलत बोलत.

मी कागद उघडला. वीर्यतपासणीचा रिपोर्ट होता. काउंटरवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दोन माणसं थांबलेली, म्हणून मी दाजींना मशीनच्या मागे बोलावलं आणि आवाज खाली आणला. ते म्हणाले, "मोठ्यानं वाचा की. मला नीट ऐकायचंय."

मी वाचलं. शुक्रजंतूंची संख्या असायला हवी त्याच्या निम्म्याहून कमी. जे होते त्यातले फार थोडे नीट पुढे सरकणारे. दाजींनी दोन्ही गोष्टी मला दोनदा सांगायला लावल्या. मग कसं काय झालं ते सांगितलं.

त्यांना चार-पाच वर्षांपासून डाव्या बाजूला, अंडांच्या पिशवीत, दुखायचं. सकाळी काही नसे. दिवसभर क्रेट उचलून, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन फिरलं की संध्याकाळी तिथे जडपणा यायचा, ओढ लागायची. आडवं झालं की कमी व्हायचं. कष्टाच्या माणसाचं दुखायचंच असं म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. त्या आठवड्यात मात्र पिकअपमधून उतरताना मांडीपर्यंत कळ गेली. अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला असेल असं समजून ते घोडेगावातल्या एका तरुण डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने त्यांना आडवं न करता उभं करून तपासलं, खोकायला लावलं आणि म्हणाला की हा अंतर्गळ नाही, पिशवीतल्या शिरा फुगल्यात, याला व्हेरिकोसील म्हणतात. मग त्याने विचारलं, मुलं किती आहेत.

लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं.

या सात वर्षांत काय काय झालं ते मी जवळून पाहिलेलं होतं. माझी बहीण मंचरला गेली, नारायणगावला गेली, दोनदा पुण्याला गेली. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, नळ्या तपासल्या, त्या दिवशी ती रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. सासूबाईंनी तिला सलग अकरा चतुर्थ्या लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला लावल्या, अनवाणी आणि उपाशी. सासूबाई वाईट नव्हत्या. स्वतःही तिच्याबरोबर उपाशी पायऱ्या चढत होत्या. पण भावकीत बारसं असलं की बहिणीला चूल सांभाळायला मागे ठेवलं जाई, आणि तिने पाळण्याजवळ येऊ नये हे कुणी न सांगता सगळ्यांना माहीत असे. बहिणीचे सगळे रिपोर्ट चांगले होते. मंचरच्या डॉक्टरबाईंनी तिला दोनदा सांगितलं होतं की पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन ये, त्यांची तपासणी साधी आहे. त्यातल्या एका वेळी मी शेजारच्या खुर्चीवर होतो.

घरी येताना मी तिला विचारलं होतं, सांगणार का दाजींना. ती म्हणाली, नको दादा, त्यांना कसंतरी वाटेल. मी बरं म्हणालो. झालं एवढंच.

आता दाजींनी मला विचारलं, "बाईंनी तिला दोनदा सांगितलं व्हतं म्हनं. काल रातच्याला बोलली. तुमाला म्हाईत व्हतं?"

मी हो म्हणालो. त्यांनी रागवावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. ते रागावले नाहीत. मशीनवर हात ठेवला आणि म्हणाले, "मलाबी सात वर्सात इचारायचं सुचलं न्हाई."

मी झेरॉक्स काढल्या. एक त्या तरुण डॉक्टरने सुचवलेल्या पुण्याच्या डॉक्टरला, एक घरच्या फायलीत. तिसरी कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, आईला दाखवायला. आईंना वाचता येत नाही हे मला माहीत होतं, तसं मी बोललो. ते म्हणाले, "म्हनून तर तुमी संगं या."

मी दुकान बंद केलं आणि पिकअपमध्ये बसलो. शिनोलीपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. दोघांचाही दोष नसतो, शरीर आहे, असं काहीतरी गोलगोल सांगावं असा माझा विचार होता.

दाजींच्या आई ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. बहीण आत होती, तिला दाजींनी बाहेर बोलावलं. ते आईसमोर खाली बसले, कागद शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला आणि माझी वाट न पाहता बोलले.

"आई, मी तपासून घेतलंय. पोर न्हाई ते माझ्यामुळं. हिच्यात काय बी कमी न्हाई. पावण्यांनी कागद वाचलाय, त्यास्नी इचार. हितून पुढं हिला कुनी मागं ठिवायचं न्हाई."

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आईंनी हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि विचारलं, "तू बारका असताना तुला लई वझी उचलाया लावली. त्यानं झालं का?"

दाजी नाही म्हणाले. डॉक्टरला विचारलंय, त्याचा काही संबंध नाही. खरं तर त्यांनी ते विचारलेलं नव्हतं. ते मला त्यांनी परतताना सांगितलं, आणि पुण्यात डॉक्टर भेटल्यावर पहिला प्रश्न त्यांनी हाच केला.

पुण्याच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर पन्नाशीचे, ठेंगणे, हळू बोलणारे. त्यांनी दाजींना तपासलं, पिशवीची सोनोग्राफी करून घेतली आणि कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावलं. शिरांमधून रक्त वर जायचं असतं. ते मागे घसरू नये म्हणून आत झडपा असतात. त्या झडपा ढिल्या झाल्या की रक्त खाली उतरतं, साचतं, शिरा फुगतात आणि तिथली उष्णता वाढते. शुक्रजंतू तयार व्हायला अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडा गारवा लागतो. दाजी चित्राकडे बघत म्हणाले, "म्हंजी मोटरचा फूटवॉल्व गेलाय." डॉक्टर मूळचे गावाकडचे असावेत, कारण ते लगेच म्हणाले, अगदी बरोबर, फक्त हा बदलता येत नाही. त्या फुगलेल्या शिरा बांधून टाकायच्या आणि रक्त बाकीच्या चांगल्या वाटांनी न्यायचं. ओझी उचलल्याने हा त्रास जाणवतो, पण ओझ्याने तो होतोच असं नाही, बऱ्याच पुरुषांना तो बसून काम करूनही होतो. हे ऐकल्यावर दाजींनी बहिणीकडे पाहून सांगितलं की घरी गेल्यावर आईला हे आधी सांगायचं.

मग विचारायचं होतं ते सगळं त्यांनी विचारलं. मी संकोचाने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. ऑपरेशननंतर नवरा-बायकोच्या संबंधात काही उणं येतं का, हा प्रश्न त्यांनी बहिणीसमोर, साध्या आवाजात विचारला. येत नाही, डॉक्टर म्हणाले. मग मूल होईलच का, असं विचारलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"होईलच असं मी सांगणार नाही. बऱ्याच जणांचा रिपोर्ट सुधारतो. काहींचा नाही सुधारत, आणि तो कुणाचा हे आधी कळत नाही. दुखणं मात्र बहुतेकांचं जातं. पटत असेल तर करू."

बाहेर आल्यावर मला वाटलं की दाजींचा धीर सुटला असेल. ते म्हणाले, "मानूस खरा हाय. हितंच करायचं."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी लवकर पोचलो. पोटावर मोठी चीर घ्यायची नव्हती. जांघेत बोटाच्या दोन पेरांएवढी चीर आणि पुढचं सगळं मायक्रोस्कोपखाली. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, त्यामुळे दाजी जागे होते. आम्ही बाहेरच्या बाकावर. बहिणीने डबा आणला होता, तो तसाच मांडीवर होता. मला वाटलं होतं अर्ध्या तासाचं काम असेल. दोन तास झाले तरी दार उघडेना तेव्हा मी नर्सला विचारलं. ती म्हणाली, सर घाई करत नाहीत.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर मायक्रोस्कोपचा ठसा उमटलेला होता. त्यांनी आम्हाला काय केलं ते सांगितलं. आठ-नऊ शिरा बांधल्या होत्या, काही केसापेक्षा थोड्याच जाड. त्या गुंत्यातच अंडाला रक्त पुरवणारी एक बारीक धमनी असते. तिला धक्का लागून चालत नाही. ती ओळखायला ते एक छोटं यंत्र लावतात, त्यातून धमनीची धडधड ऐकू येते. आवाज आला की तिथून हात बाजूला. शिवाय पाण्यासारखा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्या बांधल्या गेल्या तर पिशवीत पाणी भरतं, म्हणून त्याही एकेक शोधून वाचवायच्या. हे सांगताना त्यांनी बोटं उघडझाप केली, बहुधा दुखत असतील. माझं आयुष्य कागदावरच्या ओळी सरळ येण्यात गेलं आहे, एक अक्षर चुकलं तर मी पान पुन्हा काढतो. या माणसाला पुन्हा काढायची सोय नव्हती. त्यांना नमस्कार करावासा वाटला. पण मी नुसताच उभा राहिलो. बहिणीने मात्र डबा पुढे केला आणि ते तिथेच उभ्याने एक चपाती खाऊन गेले.

दाजी नंतर म्हणाले की आत त्यांनाही ती धडधड ऐकू येत होती. स्वतःच्या अंगातलं काही असं स्पीकरवर ऐकायचं ही मोठी गंमत वाटली त्यांना.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी आलो. चार दिवसांत दाजी हिंडायला लागले, पण दीड महिना वजन उचलायचं नाही असा हुकूम होता, आणि टोमॅटोचा तोडा तेव्हाच सुरू झाला. दोन मजूर लावले तरी पिकअपचा प्रश्न होता. चीर ओली असेपर्यंत गाडी चालवायची नव्हती. बहीण म्हणाली, मी शिकते. दाजी शेजारी बसून तिला शिकवायला लागले. पहिले चार दिवस शेताच्या वाटेवर, मग शिनोली ते घोडेगाव. आठवड्याने माझ्या दुकानासमोर पिकअप येऊन थांबली आणि चालवणाऱ्या बाजूने माझी बहीण उतरली तेव्हा समोरच्या चहावाल्याने कप हातातच धरून ठेवला. पुढे नारायणगावच्या मार्केटलाही तीच गाडी घेऊन जाऊ लागली.

मार्केटमध्ये क्रेट उतरवताना दाजी बाजूला उभे, हे तिथल्या लोकांनी कधी पाहिलेलं नव्हतं. एकदा मीही बरोबर गेलो होतो. ओळखीच्या एका शेतकऱ्याने विचारलं, काय भाऊ, मालक झाला का आता. दाजी म्हणाले, ऑपरेशन झालंय. कसलं, असं विचारल्यावर त्यांनी सांगून टाकलं. कुठे, कशासाठी, आणि मूल होत नव्हतं म्हणून, हेही. चार-पाच जण होते. दोघे हसले. एकाने काहीतरी चावट बोलून दाखवलं. माझे कान तापले. दाजी पुढे सांगत राहिले: सात वर्षं बायकोला डॉक्टरांकडे फिरवलं, स्वतः एकदाही गेलो नाही, तुमच्यापैकी कुणाचं असं असेल तर तपासून घ्या, चीर एवढीशी असते. बोटाची दोन पेरं त्यांनी दाखवली. आम्ही निघताना हसणाऱ्यांपैकीच एक जण पिकअपच्या खिडकीपाशी आला आणि डॉक्टरांचा पत्ता विचारला. मेव्हण्याला पाहिजे, असं म्हणाला.

मी घरी येताना दाजींना विचारलं की एवढं उघड सांगायची गरज होती का. ते म्हणाले, "तिचं सगळ्या गावाला म्हाईत व्हतं. माझं का झाकायचं?"

तीन महिन्यांनी तपासणी झाली. शुक्रजंतू नव्याने तयार होऊन बाहेर यायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून त्याआधी तपासून काही कळत नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. रिपोर्ट मीच वाचला. संख्या थोडीशी वाढलेली, हालचाल जवळपास तशीच. दाजींनी कागद घडी करून खिशात ठेवला. दुखणं मात्र गेलं होतं, पूर्ण गेलं होतं. संध्याकाळी आडवं व्हायची त्यांची सवय आपोआप सुटली होती. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले की दुखायचं थांबलं हे काय कमी आहे. पण बहिणीने नंतर सांगितलं की त्या रात्री त्यांनी जेवण ताटात तसंच ठेवलं.

सहा महिन्यांच्या रिपोर्टला मीही बरोबर गेलो. डॉक्टरांनी आधीचे दोन कागद शेजारी ठेवून तिसरा पाहिला आणि आमच्याकडे वळवला. संख्या दुपटीच्या वर गेली होती आणि हालचालही चांगली सुधारली होती. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघा, सहा महिने तरी दुसऱ्या कुठल्या उपायाकडे जाऊ नका. त्यांना आठ महिने वाट बघावी लागली. त्यात दोनदा बहिणीचे दिवस वर गेले आणि दोन्ही वेळा काही नव्हतं. तिसऱ्या वेळी तिने मला फोन केला. मागून सासूबाईंचा आवाज येत होता, की तिला गाडी चालवू देऊ नका.

मुलगी झाली. मंचरच्या त्याच डॉक्टरबाईंच्या हातून. बारशाला सासूबाईंनी भावकीतल्या, शेजारच्या अशा तीन बायकांना मुद्दाम बोलावणं पाठवलं, ज्यांना मूल नव्हतं. त्यांना पाळण्याजवळ बसवलं आणि बाळाचं नाव पाळण्यात सांगायला पहिल्यांदा त्यांनाच वाकायला लावलं. माझ्या पाहण्यात त्या ओसरीवर असं पहिल्यांदा झालं.

मार्केटमध्ये पत्ता विचारणाऱ्या माणसाला मेव्हणा नव्हता, तो स्वतःसाठीच विचारत होता. तो अवसरी खुर्दचा, दाजींपेक्षा दोन वर्षांनी मोठा. दाजी त्याला पुण्याला घेऊन गेले. त्याच डॉक्टरांनी, तितक्याच सावकाशीने ऑपरेशन केलं. त्याचा तीन महिन्यांचा रिपोर्ट तसाच आला. सहा महिन्यांचा तसाच. वर्षाचाही. आपल्याला आधीच सांगितलेलं होतं हे त्याला मान्य होतं, पण त्याला राग आला होता आणि तो राग दाजींवर निघाला. तुमच्या नादी लागून अंगावर चीर घेतली असं तो चारचौघांत बोलला. मला ते ऐकून वाईट वाटलं. मी दाजींना म्हणालो की आता त्याच्याकडे जाऊ नका, तुमचं काही चुकलेलं नाही.

दाजी जात राहिले. सोमवारी, मार्केटहून परतताना. पहिले काही आठवडे तो माणूस घरातून बाहेर आला नाही. दाजी त्याच्या वडिलांशी पीकपाण्याचं बोलून परत यायचे. मग एका सोमवारी तो बाहेर येऊन बसला. आता त्याने आणि त्याच्या बायकोने पुण्यात दुसरा उपाय सुरू केला आहे, तोही होईलच असं नाही. गेल्या महिन्यात मी दाजींबरोबर गेलो होतो. कांद्याची काढणी चालू होती. दाजी गाडीतून उतरले, बाह्या वर केल्या आणि त्याच्या शेजारी सरीत बसून कांद्याची पात कापायला लागले. तासभर दोघांमध्ये चार शब्दही झाले नसतील. निघताना तो माणूस बांधापर्यंत आला आणि पुढच्या सोमवारी जरा लवकर या, चहाच्या वेळेला, असं म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, दर आठवड्याला येऊन तुम्ही याला सांगता तरी काय.

"सांगायजोगं माझ्याकडं काय न्हाई," दाजी म्हणाले. "नुस्ता येऊन बसतो."